वीतभर आणि चार बोटं

दोस्तांनो, पुढे वाचण्याआधी एक काम करा. उजव्या हाताचा पंजा टेबलावर सपाट ठेवा आणि बोटं होतील तेवढी फाकवा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत झाली एक वीत. घरातल्या मोठ्या माणसाची वीत पट्टीने मोजलीत, तर ती बावीस-तेवीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. आता बोटं एकमेकांना चिकटवा आणि अंगठा बाजूला ठेवून उरलेल्या चार बोटांची रुंदी मोजा. मोठ्यांच्या हाताची ती आठेक सेंटिमीटर येईल.

वीतभर आणि चार बोटं. ही दोन मापं आठवणीत ठेवा. आज आपण युरोपच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघालोय, हजारो किलोमीटर लांब. या वाटेवर डोंगर आहेत, नद्या आहेत, समुद्रही आहे. पण आगगाडीला सगळ्यात जास्त दमवलंय ते या दोन मापांनी. कसं? चला, बघू.

दोन शहरं, एक दोरा

निघायचं आहे लिस्बनहून. लिस्बन म्हणजे पोर्तुगालची राजधानी. गोव्यातल्या आजी-आजोबांना हे नाव चांगलंच ओळखीचं, कारण १९६१ पर्यंत गोव्याचा कारभार तिथूनच चालायचा. शहर नदीच्या मुखाशी वसलंय आणि पुढे पसरलाय अथांग अटलांटिक महासागर. युरोपची जमीन पश्चिमेला संपते ती इथेच, जवळपास.

पोहोचायचं आहे हेलसिंकीला, फिनलंडच्या राजधानीत. ती आहे युरोपच्या ईशान्येला, बाल्टिक समुद्राच्या काठावर. हिवाळ्यात इथलं बंदर गोठतं आणि बर्फ फोडणारी जहाजं वाट मोकळी करतात.

दोन्ही शहरांमध्ये अंतर किती? आधी मनातल्या मनात अंदाज करा. मग शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि लिस्बनवर दोऱ्याचं एक टोक बोटाने दाबून धरा. दोरा ताणून हेलसिंकीपर्यंत न्या, खूण करा आणि पट्टीवर मोजा. तुमचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर दोरा जेमतेम ८ सेंटिमीटर भरेल. त्या गोलाचा पूर्ण घेर असतो साधारण ९४ सेंटिमीटर आणि खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. आता त्रैराशिक मांडा. उत्तर ३,४०० किलोमीटरच्या जवळपास आलं ना? शाब्बास! नेमकं हवाई अंतर आहे सुमारे ३,३६० किलोमीटर.

हे म्हणजे किती, ते आपल्या भूगोलाच्या पुस्तकावरून समजून घेऊ. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे लिस्बन ते हेलसिंकी हे अंतर आपल्या अख्ख्या देशाच्या उत्तर-दक्षिण लांबीपेक्षा थोडं जास्तच झालं.

दोरा अजून काढू नका. तो कुठून कुठून जातोय ते बघा. स्पेनचा वरचा कोपरा ओलांडून तो समुद्रावर जातो, पुन्हा जमिनीवर येतो आणि बरोबर अर्ध्या वाटेवर बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहराजवळून सरकतो. पुढे स्वीडनच्या दक्षिण टोकावरून थेट हेलसिंकी. आता भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच दोन शहरं पट्टीने जोडा. रेघ वेगळ्या गावांवरून गेली ना? नकाशा खोटं बोलत नाही हं! संत्र्याचं साल टेबलावर सपाट पसरायला गेलं की ते कुठेतरी फाटतं, कुठेतरी ताणतं. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना तसंच होतं. म्हणून लांबच्या ठिकाणाचा सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचा असेल, तर गोल आणि दोराच हवा.

त्रिकोणांची साखळी

पण पृथ्वीवर खरा दोरा ताणणार कोण? विमानं नव्हती, उपग्रह नव्हते, तेव्हा माणसाने एवढी अंतरं मोजली तरी कशी?

त्रिकोणांनी! सपाट जागा बघून एक रेघ साखळीने अगदी काटेकोर मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून लांबचा एखादा मनोरा किंवा डोंगरमाथा दुर्बिणीतून बघायचा आणि कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. त्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी पुढचा. चालत जाऊन सगळी जमीन मोजायची गरजच नाही.

फ्रिडरिश श्ट्रुव्ह नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १८१६ ते १८५५ या काळात अशीच एक साखळी तयार करवून घेतली. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यापासून थेट काळ्या समुद्रापर्यंत, २,८२० किलोमीटर लांब, २५८ मुख्य त्रिकोणांची. ही साखळी फिनलंड, एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया या देशांतून जाते. आपल्या आगगाडीची वाटही पुढे याच भागातून जाणार आहे. त्या जुन्या खुणांपैकी ३४ जागा २००५ पासून जागतिक वारसा म्हणून जपल्या जातात.

आणि ऐका, अगदी त्याच सुमाराला अशीच साखळी आपल्याकडेही विणली जात होती! विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली रेघ मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे निघाले. वीस वर्षं हेच काम. १८२३ मध्ये मोजणी चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. आज फोनवर बोट टेकवलं की अंतर दिसतं. त्या आकड्यामागे अशी माणसं उभी आहेत, हे विसरायचं नाही.

घड्याळाची गंमत

आता विमानात बसू. समजा, लिस्बनहून सकाळी ९ वाजता उड्डाण झालं. वाटेत पावणेपाच तास लागले. हेलसिंकीला उतरलो तेव्हा किती वाजले असतील?

पावणेदोन म्हणालात? चुकलात! विमानतळावरच्या घड्याळात पावणेचार वाजलेत. हेलसिंकीचं घड्याळ लिस्बनच्या दोन तास पुढे असतं. आता उलटा प्रवास करा. हेलसिंकीहून दुपारी साडेचारला निघा आणि पाच तास उडा. लिस्बनला उतराल तेव्हा वाजले असतील फक्त साडेसात. जाताना पावणेसात तास गेल्यासारखे वाटतात, येताना तीनच तास!

हे का होतं? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटं लागतात. लिस्बन आणि हेलसिंकीच्या रेखांशांत सुमारे ३४ अंशांचा फरक आहे. ३४ गुणिले ४ म्हणजे १३६ मिनिटं, सव्वादोन तासांहून मिनिटभर जास्त. हेलसिंकीत सूर्य डोक्यावर आला की लिस्बनला तो तेवढ्या वेळाने येणार. घड्याळांनी सोयीसाठी दोन तासांचा पूर्ण आकडा घेतला.

आपल्या देशात अरुणाचल प्रदेशापासून गुजरातपर्यंत रेखांशांत साधारण २९ अंशांचा फरक पडतो. म्हणजे तिथे सूर्य उगवल्यावर जवळजवळ दोन तासांनी तो कच्छमध्ये उगवतो. तरी आपण सगळे एकच घड्याळ वापरतो! सूर्याला घड्याळं माहीत नसतात. कुठे किती वाजलेत म्हणायचं, हे माणसं ठरवतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरा प्रवास, आगगाडीचा

विमानाने पाच तास. मग आगगाडीने किती? रस्त्याने किंवा रुळांवरून जायचं तर दोऱ्यासारखं सरळ जाता येत नाही. रस्त्याने हे अंतर ४,३०० किलोमीटरच्या आसपास जातं. आगगाडीत फक्त बसण्याचा वेळ धरला, तरी पन्नासेक तास लागतात. गाड्या बदलणं, वाट बघणं, रात्री झोपणं धरलं तर चार-पाच दिवस सहज जातील. एका गाडीत बसलं आणि दुसऱ्या टोकाला उतरलं, असं होतच नाही.

असं व्हावं, म्हणून एका माणसाने फार पूर्वी स्वप्न पाहिलं होतं. त्याचं नाव जॉर्ज नागेलमॅकर्स. तो बेल्जियमचा. आपल्या दोऱ्याचा मधला बिंदू ज्या देशात येतो ना, त्याच देशाचा! झोपायच्या डब्यांच्या आरामदायी गाड्या त्याने युरोपभर धावत्या केल्या. लिस्बनपासून रशियाच्या सेंट पीटर्सबर्गपर्यंत एक सलग सेवा असावी, असं त्याच्या मनात होतं. शेवटी तिचे दोन तुकडे झाले. पॅरिसहून दक्षिणेला सूद एक्स्प्रेस १८८७ मध्ये निघाली आणि उत्तरेला नॉर एक्स्प्रेस १८९६ मध्ये. पण दोन्ही बाजूंना सीमेवर प्रवाशांना सामानसुमान घेऊन उतरावं लागे आणि दुसऱ्या गाडीत चढावं लागे. कारण रूळ!

काढा आता तुमची वीत.

दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. इंग्लंडमध्ये कोळशाच्या खाणींजवळ ज्या मापाच्या गाड्या चालायच्या, जवळजवळ तेच माप स्टीफन्सन या अभियंत्याने आपल्या रेल्वेला घेतलं. १,४३५ मिलिमीटर. हेच माप युरोपभर पसरलं. पण स्पेनच्या अभियंत्यांनी १८४४ मध्ये वेगळा विचार केला. आपला देश डोंगराळ, चढण जबर, म्हणजे इंजिन दणकट हवं, बॉयलर मोठा हवा, तर रूळही रुंद हवेत. त्यांनी सहा स्पॅनिश फुटांचं माप ठरवलं. पोर्तुगालने १८५६ मध्ये पहिली गाडी सुरू केली ती १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवर. पण शेजारी तर एकच, स्पेन! मग पोर्तुगालनेही आपले रूळ रुंद करून घेतले. आज दोघांचं माप आहे १,६६८ मिलिमीटर.

करा वजाबाकी. १,६६८ वजा १,४३५ म्हणजे २३३ मिलिमीटर. वीतभर!

या वीतभर फरकामुळे लिस्बनच्या स्टेशनातली साधी गाडी फ्रान्समध्ये शिरू शकत नाही. तिकडच्या रुळांसाठी तिची चाकं एकमेकांपासून फारच लांब आहेत.

चालता चालता चाकं सरकवणारी गाडी

मग स्पेनच्या कारागिरांनी काय केलं असेल? त्यांनी चाकंच सरकणारी केली! १९६९ मध्ये बार्सिलोना ते जिनिव्हा अशी टॅल्गो गाडी सुरू झाली, ती ही युक्ती घेऊनच.

आपण जरा वाकून तिच्या पोटाखाली बघू या. नेहमीच्या डब्यात दोन्ही चाकं एकाच जाड आसावर घट्ट बसवलेली असतात, ती सरकणं शक्यच नाही. टॅल्गोचं प्रत्येक चाक मात्र स्वतंत्र असतं. गेज बदलायच्या जागी गाडी सायकलच्या वेगाने, हळूहळू पुढे येते. तिथे दोन्ही बाजूंना आधाराच्या पट्ट्या असतात. डब्याचं वजन त्या पट्ट्यांवर टेकतं आणि चाकं मोकळी होतात, पाळण्यात बसल्यावर आपले पाय अधांतरी लोंबतात तशी. पट्ट्यांवर पाण्याचे फवारे उडत असतात, म्हणजे घासाघीस कमी होते. खालून एक खटका ओढला जातो आणि चाकाचं कुलूप उघडतं. तिरक्या मार्गदर्शक पट्ट्या चाकाला हळूच आत किंवा बाहेर ढकलतात. नवी जागा आली की कुलूप पुन्हा बसतं. चाक नव्या रुळावर टेकतं. एक चाक झालं की त्याच्या मागचं, मग त्याच्या मागचं. आत बसलेला माणूस तोवर खिडकीबाहेर बघत बसलेला असतो. उतरायचं नाही, हमाल बोलवायचा नाही!

स्पेनने आणखी एक गोष्ट केली. १९९२ पासून वेगवान गाड्यांसाठी जे नवे मार्ग सुरू केले, ते बहुतेक १,४३५ मिलिमीटरचे ठेवले. म्हणून आज माद्रिद ते बार्सिलोना हे ६२१ किलोमीटर अडीच तासांत संपतं आणि पुढे तेच रूळ फ्रान्सच्या रुळांना जोडलेले आहेत. पण लिस्बन ते माद्रिद मात्र अजून जुन्या वाटेने. २०२० मध्ये तिथली थेट रात्रगाडी बंद झाली आणि तेव्हापासून गाड्या बदलत जावं लागलं. शिवाय सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढे करायचं, ते वेगळंच.

चार बोटांची सीमा

पॅरिस आलं, बर्लिन आलं, वॉर्सा आलं. सगळीकडे तेच १,४३५. गाडी सुसाट. पोलंड संपून लिथुआनिया लागला की मात्र मोत्स्कावा नावाच्या छोट्याशा स्टेशनात उतरायचं. फलाटाच्या एका बाजूला पोलंडची गाडी, दुसऱ्या बाजूला लिथुआनियाची. चार पावलं चालायचं आणि समोरच्या गाडीत बसायचं.

का बरं? हा भाग एकेकाळी रशियाच्या साम्राज्यात होता आणि रशियाने आपल्या रुळांसाठी पाच फुटांचं माप घेतलं होतं. आज इथलं माप आहे १,५२० मिलिमीटर. करा वजाबाकी. ८५ मिलिमीटर. चार बोटं! आणि गंमत बघा, याच सीमेवर घड्याळही एक तास पुढे जातं. रूळ बदलला, वेळही बदलली.

पुढे व्हिल्नियस, मग रिगा. रिगाहून टॅलिनला जाताना वाटेत वाल्गा लागतं. हे एकच गाव दोन देशांत विभागलेलं आहे, एक भाग एस्टोनियात आणि दुसरा लॅटव्हियात. शेवटी टॅलिनचं बंदर. इथे रूळ संपतात आणि समोर पाणी. मोठ्या बोटीत बसायचं, सुमारे ८० किलोमीटर, दोन तास. मग लांबवर हेलसिंकीचं पांढरंशुभ्र चर्च दिसू लागतं, हिरव्या घुमटांचं. पोहोचलो!

जून महिना असेल तर इथे दिवस जवळजवळ १९ तासांचा असतो. लिस्बनमध्ये त्याच दिवशी सुमारे १५ तास उजेड. रात्रीच्या जेवणानंतर इथली मुलं उन्हात खेळत असतात!

मोठं काय, अंतर की फरक?

आता जरा विचार करा. ३,३६० किलोमीटर हे अंतर निसर्गाचं. ते कुणाला कमी करता येणार नाही. पण पोहोचायला पाच तास लागतील की पाच दिवस, हे बरंचसं माणसांनी ठरवलंय. कधीकाळी कुणीतरी खोलीत बसून कागदावर एक माप लिहिलं आणि दीडशेहून जास्त वर्षांनंतरही माणसं फलाटावर सामान उचलतायत.

आणि जे माणसांनी ठरवलं, ते माणसांना बदलताही येतं. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया हे तिन्ही देश मिळून आज एक नवा मार्ग बांधतायत, रेल बाल्टिका. टॅलिनपासून पोलंडच्या सीमेपर्यंत ८७० किलोमीटर, आणि माप ठेवलंय १,४३५. तो २०३० पर्यंत सुरू करायचं त्यांनी ठरवलंय. तो झाला की ती चार बोटं मिटली!

आपणही हेच केलंय. एकेकाळी मिरज स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ होते. मिरजेकडच्या आजी-आजोबांना विचारा, ते गाडी बदलण्याच्या गोष्टी रंगवून सांगतील. आज तिथे सगळं ब्रॉडगेज आहे.

करून बघा

मेजरिंग टेप आणि खडू घ्या. रुळांजवळ मुळीच जायचं नाही हं, घराच्या अंगणात किंवा गच्चीवर बसा. जमिनीवर एक सरळ रेघ ओढा. हा आपला पहिला रूळ. त्याच्यापासून १४३ सेंटिमीटर ५ मिलिमीटरवर दुसरी रेघ, हा पॅरिसचा रूळ. १५२ सेंटिमीटरवर तिसरी रेघ, हा रिगाचा. पहिल्या रेघेपासूनच १६६ सेंटिमीटर ८ मिलिमीटरवर चौथी, हा लिस्बनचा. पॅरिस आणि रिगाच्या रेघांमध्ये चार बोटं ठेवून बघा. पॅरिस आणि लिस्बनच्या रेघांमध्ये बाबांची किंवा आईची वीत ठेवून बघा.

आता शेवटची रेघ. आपल्या ब्रॉडगेजचं माप आहे १,६७६ मिलिमीटर. म्हणजे १६७ सेंटिमीटर ६ मिलिमीटर. खूण करा बरं.

जागाच उरली नाही ना? लिस्बनच्या रेघेत आणि आपल्या रेघेत फक्त ८ मिलिमीटरचा फरक. साधारण खडूच्या जाडीएवढा! लिस्बन मुंबईपासून सुमारे आठ हजार किलोमीटर लांब. पॅरिस तर त्याच्या मानाने खूपच जवळ. पण रुळांच्या हिशोबात लिस्बनला पॅरिसपेक्षा आपली मुंबई जवळची, आपलं मिरज जवळचं. २०१६ मध्ये तर टॅल्गोचे डबे स्पेनहून बोटीने मुंबईला आले आणि आपल्या रुळांवर दिल्ली ते मुंबई चाचणीसाठी धावले.

आता एक पाय पहिल्या रेघेवर ठेवा आणि दुसरा पाय फाकवून त्या शेवटच्या जाड रेघेवर न्यायचा प्रयत्न करा. पोहोचला? तुमच्या एका पावलाखाली लिस्बनचाही रूळ आहे आणि तुमच्या गावावरून जाणाऱ्या गाडीचाही.